खेळ तिचा, सही कुणाची?

२०२५ च्या जुलैमध्ये लंडनच्या आर्सेनल क्लबाने ऑलिव्हिया स्मिथ या वीस वर्षांच्या कॅनेडियन मुलीला लिव्हरपूलकडून दहा लाख पौंड मोजून आपल्या संघात घेतलं. महिला फुटबॉलमध्ये एका खेळाडूसाठी एवढी रक्कम त्याआधी कुणी मोजली नव्हती. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या नेओमी गिर्मासाठी चेल्सी क्लबाने दहा लाख डॉलरचा आकडा पहिल्यांदा ओलांडला होता. ऑगस्टमध्ये मेक्सिकोच्या लिझबेथ ओवायेसाठी अमेरिकेतल्या एका क्लबाने पंधरा लाख डॉलर दिले. एका वर्षात विक्रम तीनदा मोडला. ‘महिला फुटबॉलला आता सोन्याचे दिवस’ अशा अर्थाचं बरंच काही त्यानंतर छापून आलं.

आपल्यापैकी ज्या फुटबॉल बघत नाहीत त्यांच्यासाठी एक खुलासा. ही रक्कम त्या मुलीच्या हातात पडत नाही. ती जुन्या क्लबाला मिळते, कारण त्याच्याशी असलेला करार संपायच्या आत ती दुसरीकडे जाते. तिचा पगार वेगळा, तो नव्या करारात ठरतो. ‘विकत घेतलं’ हा शब्द बाईच्या बाबतीत उच्चारताना आपली जीभ अडखळते, पण या धंद्यात तो पुरुषांनाही तसाच लावतात. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये ट्रेव्हर फ्रान्सिस या खेळाडूसाठी दहा लाख पौंड मोजले गेले १९७९ साली. बाईला तिथवर पोचायला आणखी सेहेचाळीस वर्षं लागली. तोवर पुरुषांचा आकडा कुठे गेला होता? २०१७ मध्ये नेमारसाठी पॅरिसच्या क्लबाने २२ कोटी २० लाख युरो दिले होते.

या सेहेचाळीस वर्षांचं कारण विचारलं की एक उत्तर ठरलेलं असतं. बायका उशिरा खेळायला लागल्या, त्यांचा खेळ बघायला कुणी येत नाही, मग पैसा कुठून येणार? बाजाराचा नियमच आहे तो, कुणाचा दोष नाही. हे उत्तर आपल्याला ओळखीचं आहे. शेतमजूर बाईला मजुरी कमी का, तर तिचं काम हलकं. विडी वळणारीचा दर कमी का, तर ती घरबसल्या वळते. दर कुणी तरी ठरवलेला असतो, पण तो पावसासारखा आभाळातून पडला असं सांगितलं जातं.

म्हणून इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावची गोष्ट आपल्याला माहीत असायला हवी. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि कारखाने बायकांनी चालवले. डिक, केर नावाच्या कंपनीत दारूगोळा तयार होत असे. तिथल्या कामगार मुलींनी १९१७ मध्ये स्वतःचा फुटबॉल संघ काढला. जखमी सैनिकांसाठी, इस्पितळांसाठी त्या सामने खेळून पैसे उभे करत. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना बघायला ५३ हजार लोक आत होते, आणि हजारो बाहेर दारात अडकले होते. एका दिवसात तीन हजार पौंडांहून जास्त रक्कम जमली. त्या काळातली ही रक्कम आहे! १९२१ मध्ये इंग्लंडच्या खाणमालकांनी टाळेबंदी केली, तेव्हा उपाशी खाणकामगार कुटुंबांसाठीही बायकांच्या संघांनी सामने खेळले.

आणि मग ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला. त्यातलं एक वाक्य सगळीकडे सांगितलं जातं, की हा खेळ बायकांना मुळीच योग्य नाही. पण त्याच ठरावात दुसरं एक कलम आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. या सामन्यांच्या उत्पन्नातला फार मोठा भाग खर्चात जातो आणि धर्मादाय कामाला पुरेसा पोचत नाही, अशी ती तक्रार होती. म्हणजे बाईने लाखो पावलं धावून जमवलेल्या पैशातून तिचं गाडीभाडं, तिची बुडालेली मजुरी निघाली तर तो गुन्हा. पुरुषांना मात्र खेळाचे पैसे घ्यायला हीच असोसिएशन १८८५ पासून परवानगी देत होती. बाईने सेवा करावी, मोबदला मागू नये. हा हिशेब आपल्याला नवा आहे का?

असोसिएशनच्या क्लबांनी आपली मैदानं बायकांना देऊ नयेत, असा तो ठराव होता. जवळजवळ पन्नास वर्षं तो टिकला. जर्मनीत अशीच बंदी १९५५ ते १९७० होती. ब्राझीलमध्ये तर १९४१ पासून १९७९ पर्यंत कायद्याने. प्रेस्टनच्या संघातली लिली पार ही त्या काळातली सर्वांत नावाजलेली खेळाडू. ती पुढे मानसिक रुग्णांच्या इस्पितळात नर्सचं काम करून जगली. असोसिएशनने २००८ मध्ये माफी मागितली. माफीबरोबर पन्नास वर्षांचा बुडालेला गल्ला काही परत आला नाही.

म्हणून मैत्रिणींनो, प्रेक्षक नाहीत म्हणून पैसा नाही हे खरं नाही. प्रेक्षक होते, त्यांना दाराशी अडवलं. दार उघडल्यावर ते परत आले. ३० मार्च २०२२ रोजी बार्सिलोनात बायकांचा सामना बघायला ९१,५५३ लोक जमले आणि पुढच्याच महिन्यात त्याच मैदानावर त्याहून जास्त.

मी पैशाच्या विरोधात लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकते. ‘पूर्वी खेळ शुद्ध होता, पैशाने बाटला’ असं म्हणणारे लोक बहुतेक वेळा असे असतात की ज्यांना खेळासाठी कधी नोकरीवरून बिनपगारी रजा घ्यावी लागलेली नाही. इंग्लंडच्या वरच्या लीगमध्ये २०१८ पासून सगळे संघ पूर्णवेळ व्यावसायिक झाले. त्याआधी अनेक खेळाडू दिवसभर काम करून संध्याकाळी सरावाला जात. सकाळी सराव करून दुपारी झोप काढता येणं ही चैन नाही, कामाची गरज आहे. तो पैसा त्यांच्या हक्काचा आहे आणि अजूनही कमीच आहे. इंग्लंडमध्ये महिला लीगच्या प्रक्षेपणाचा २०२५ पासूनचा करार पाच वर्षांचा, साडेसहा कोटी पौंडांचा. पुरुषांच्या लीगचा देशांतर्गत करार चार वर्षांचा आणि ६७० कोटींचा.

माझा प्रश्न वेगळा आहे. हा पैसा येतो तेव्हा कुणाच्या नावावर येतो, आणि चेकवर सही कुणाची असते?

डॉन्कास्टरचं उदाहरण घ्या. १९६९ मध्ये तिथल्या पुरुषांच्या क्लबाच्या मैदानावर लॉटरीची तिकिटं विकणाऱ्या बायकांनी आपला संघ काढला. नाव डॉन्कास्टर बेल्स. कुणाचा आधार नाही, स्वतः वर्गणी काढून, स्वतः प्रवास करून त्यांनी तो जगवला आणि सहा वेळा एफए कप जिंकला. पैसा नव्हता तेव्हा बायकांचा फुटबॉल अशाच संघांनी जिवंत ठेवला. २०१३ मध्ये पैसा येऊ लागला, तेव्हा असोसिएशनने ठरवलं की पुढच्या हंगामात बेल्सना खालच्या गटात टाकायचं आणि वरच्या गटात मँचेस्टर सिटीला जागा द्यायची. मैदानावरच्या कामगिरीवर नव्हे, तर क्लबाची पत आणि सोयीसुविधा बघून. हा निर्णय जाहीर झाला तेव्हा त्या वर्षीचा हंगाम जेमतेम सुरू झाला होता. ज्यांनी विहीर खणली त्यांनाच ‘तुमच्याकडे मोटार पंप नाही’ म्हणून रांगेत मागे उभं केलं.

आता बहुतेक महिला संघ पुरुषांच्या मोठ्या क्लबांच्या पंखाखाली आहेत. पंखाखाली ऊब असते, ते खरं. पण पंख कधी उचलला जाईल ते पिल्लाच्या हातात नसतं. एप्रिल २०१७ मध्ये नॉट्स काउंटी या क्लबाच्या नव्या मालकाने हिशेब बघितला आणि महिला संघ बंद केला. हंगामातल्या पहिल्या सामन्याला दोन दिवस उरले होते. खेळाडूंनी घरं भाड्याने घेतली होती, करार केले होते. २०२४ मध्ये रेडिंग क्लबाच्या मालकाची आर्थिक घडी विसकटली. क्लब पुरुषांचा संघ घेऊन खेळत राहिला. महिला संघाला दुसऱ्या पायरीवरून स्वतःहून माघार घेऊन एकदम पाचव्या पायरीवर जावं लागलं. त्या मुली मैदानात हरल्या म्हणून असं झालं नाही. घरात चणचण आली की आधी कुणाची शाळा सुटते, हे आपल्या कामात आपण रोज बघतो.

याहून गमतीचा प्रकार चेल्सीचा. गमतीचा म्हणते, पण हसू फार येत नाही. इंग्लंडच्या पुरुषांच्या लीगमध्ये तेव्हा नियम होता की क्लबाने तीन वर्षांत ठराविक मर्यादेपलीकडे, म्हणजे साधारण साडेदहा कोटी पौंडांपलीकडे, तोटा दाखवू नये. चेल्सीने पुरुष खेळाडूंवर अफाट खर्च केला होता. मग २०२४ मध्ये क्लबाने आपला महिला संघ आपल्याच मालकांच्या दुसऱ्या कंपनीला विकला. त्यातून कागदावर जवळजवळ वीस कोटी पौंडांचा नफा झाला आणि त्या वर्षाचा ताळेबंद तोट्यातून उठून नफ्यात गेला. युरोपच्या संघटनेच्या नियमांत असा नफा धरत नाहीत, पण इंग्लंडच्या नियमांत तो बसला. पुढे मे २०२५ मध्ये त्यातला छोटा हिस्सा अलेक्सिस ओहानियन यांनी दोन कोटी पौंडांना घेतला. (हे कोण? सेरेना विल्यम्सचा नवरा. एखाद्या पुरुषाची अशी ओळख करून द्यायची संधी आपल्याला क्वचित मिळते, म्हणून सांगितलं.)

हे वाचताना मला आपल्याकडची सातबारावरची नावं आठवली. कर वाचवायचा, कमाल जमीन धारणेच्या कायद्यातून सुटायचं, कर्ज बुडवायचं म्हणून जमीन, घर, पेट्रोल पंप बायकोच्या नावावर करणारे कमी नाहीत. ‘आमच्या घरात सगळं तिच्याच नावावर आहे’ असं कौतुकाने सांगतात. तिला विचारा, किती एकर आहे? तिला माहीत नसतं. तिची सही घेतलेली असते, तिला विचारलेलं नसतं. चेल्सीचा महिला संघ उत्तम आहे, २०२० ते २०२५ सलग सहा वर्षं त्याने लीग जिंकली. त्या संघाची किंमत कोट्यवधी पौंड आहे हे जगाला कळलं, तेही बरंच झालं. पण ती किंमत पहिल्यांदा मोजली गेली ती पुरुषांच्या संघाचा खड्डा भरण्यासाठी.

आता एका खेळाडूची गोष्ट. आइसलंडच्या राष्ट्रीय संघाची कर्णधार सारा ब्यर्क गुन्नार्सदोत्तिर ही फ्रान्समधल्या ल्यों क्लबात खेळत होती. हा बायकांच्या फुटबॉलमधला जगातल्या सर्वांत यशस्वी क्लबांपैकी एक, पैशाने भक्कम. २०२१ मध्ये ती गरोदर राहिली. क्लबाच्या संमतीने ती बाळंतपणासाठी मायदेशी गेली. आणि बँकेत बघते तर पगार आलेला नाही. फ्रान्सच्या सामाजिक सुरक्षा योजनेची किरकोळ रक्कम तेवढी जमा होत होती. तिने विचारणा केली. तिच्या सांगण्याप्रमाणे, फिफाकडे गेलीस तर या क्लबात तुला भवितव्य नाही, असं तिला कळवण्यात आलं. बाळ झाल्यावर ती परत खेळायला आली, तेव्हा बाळाला संघाच्या प्रवासात न्यायलाही अडवलं गेलं. बाळ रडलं तर बाकीच्यांना त्रास होईल, हे कारण.

ती थांबली नाही. खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, फिफप्रोची मदत घेऊन फिफाच्या न्यायाधिकरणात गेली. क्लबाचं म्हणणं काय होतं, तर तिने त्या काळात काम केलं नाही, मग पगार कसला? ऊसतोडीच्या फडावर मुकादम हेच म्हणतो आणि त्याला ‘खाडा’ म्हणतो. पोटात दुखलं, पाळी आली, बाळंतपण झालं, खाडा तो खाडा, उचलीतून कापला. आपल्या बीडच्या बायकांनी त्या खाड्याच्या भीतीने गर्भाशयं काढून टाकली. एकीकडे जगातला श्रीमंत क्लब, दुसरीकडे उसाचा फड, आणि बाईच्या शरीराचा हिशेब करणारी वही एकच.

न्यायाधिकरणाने मे २०२२ मध्ये निकाल दिला की क्लबाने तिला तिच्या अवस्थेत झेपेल असं दुसरं काम देऊ करायला हवं होतं. ते त्याने केलं नाही, म्हणून बुडवलेला पगार, ८२ हजार युरोंहून जास्त, व्याजासह द्यावा. हा निकाल शक्य झाला तो फिफाच्या एका नव्या नियमामुळे. १ जानेवारी २०२१ पासून फिफाने चौदा आठवड्यांची बाळंतपणाची रजा आणि त्या काळात निदान दोन तृतीयांश पगार बंधनकारक केला होता. दिवसाला लाखो रुपयांची उलाढाल करणाऱ्या या खेळाला बाळंतपणाची रजा सुचायला २०२१ साल उजाडावं लागलं. आणि नियम कागदावर आला तो कुणाच्या दयेने आलेला नाही. तो मागून, भांडून, संघटनेच्या ताकदीवर आला.

मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त शिकण्यासारखं वाटतं ते इथेच आहे. जिथे जिथे पैसा खेळाडूंच्या खिशापर्यंत नीट पोचला, तिथे त्यांनी एकत्र येऊन तो मागितला होता. समाजकार्याच्या वर्गात आम्हाला ‘सक्षमीकरण’ हा शब्द दोन वर्षं शिकवला. तो शब्द हल्ली फिफाच्या पत्रकांतही असतो. संपाचं नाव मात्र तिथे सापडत नाही.

अमेरिकेच्या खेळाडूंचा लढा घ्या. ८ मार्च २०१९, महिला दिन. त्या दिवशी राष्ट्रीय संघाच्या अठ्ठावीस खेळाडूंनी आपल्याच फेडरेशनवर समान वेतनाचा दावा लावला. त्याच वर्षी त्यांनी विश्वचषक जिंकला. प्रेक्षकांनी स्टेडियममध्ये ‘समान वेतन’ अशा घोषणा दिल्या. मार्च २०२० मध्ये फेडरेशनच्या वकिलांनी न्यायालयात लिहून दिलं की पुरुष खेळाडूच्या कामाला जास्त कौशल्य लागतं आणि त्याच्यावर जबाबदारीही जास्त असते. पुढच्या सामन्याआधी मुली सरावाचे शर्ट उलटे घालून मैदानात आल्या. फेडरेशनचं चिन्ह आत, चार ताऱ्यांची शिवण बाहेर. चार तारे म्हणजे त्यांनी जिंकलेले चार विश्वचषक. फेडरेशनच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. मग न्यायाधीशाने वेतनाचा दावा फेटाळला, तरी त्यांनी अपिलात जाऊन तो धरून ठेवला. फेब्रुवारी २०२२ मध्ये दोन कोटी चाळीस लाख डॉलरवर तडजोड झाली.

पण तडजोडीपेक्षा मोठी गोष्ट त्या मे महिन्यात झाली. पुरुषांची संघटना आणि बायकांची संघटना, दोघींनी फेडरेशनशी करार केला की विश्वचषकाच्या बक्षिसाचे पैसे दोन्ही संघांचे एकत्र करायचे आणि निम्मे निम्मे वाटायचे. एकच डबा. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेचा पुरुष संघ विश्वचषकात बाद फेरीतला पहिलाच सामना हरून घरी आला. तेवढ्याचे त्यांना मिळाले एक कोटी तीस लाख डॉलर. त्यातला बायकांचा वाटा, बायकांनी २०१५ आणि २०१९ चे दोन विश्वचषक जिंकून मिळालेल्या सगळ्या रकमेच्या जवळ गेला. तेव्हा दोन्ही वेळचे मिळून फक्त साठ लाख मिळाले होते! एका आकड्यात सगळी विषमता दिसते. आणि ती मिटवायची तर कुणाला तरी आपल्या ताटातलं द्यावं लागतं, हेही दिसतं. नॉर्वेच्या पुरुष खेळाडूंनी २०१७ मध्ये आपल्या जाहिरातींच्या पैशातला भाग सोडून बायकांचं मानधन बरोबरीला आणलं, तेही नोंदवून ठेवू. आपल्या चळवळीतल्या पुरुष मित्रांना दाखवायला उपयोगी पडेल.

स्पेनबद्दल आपल्या वर्तमानपत्रांत भरपूर आलं, पण अर्धंच आलं. २० ऑगस्ट २०२३ रोजी स्पेनने विश्वचषक जिंकला आणि व्यासपीठावर फेडरेशनचे अध्यक्ष रुबियालेस यांनी जेनी हेर्मोसोचं संमतीशिवाय चुंबन घेतलं. ते प्रकरण जगभर गाजलं आणि गाजायलाच हवं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना लैंगिक हल्ल्यासाठी दोषी ठरवून दंड केला. पण त्याच सप्टेंबरमध्ये स्पेनच्या लीगमधल्या खेळाडूंनी संप केला होता, तो किती जणींना माहीत आहे? जगज्जेत्या देशाच्या लीगमध्ये बाईचा किमान पगार वर्षाला १६ हजार युरो होता, पुरुषांचा सुमारे एक लाख ऐंशी हजार. हंगामाची पहिली फेरी खेळलीच गेली नाही. मग किमान पगार २१ हजारांवर आला आणि पुढच्या वर्षांत वाढत जाईल असं ठरलं. ते सोळा हजारसुद्धा २०१९ च्या संपातून मिळालेले होते. चुंबनाचा फोटो छापता येतो, पगारपत्रकाचा फोटो कोण छापणार?

फिफाचं स्वतःचं वागणं बघा. २०२३ च्या महिला विश्वचषकाची बक्षिसं अकरा कोटी डॉलरची होती. २०१९ च्या तीन कोटींच्या मानाने ही मोठी वाढ. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये पंचवीस देशांच्या दीडशे खेळाडूंनी फिफाला पत्र लिहून बरोबरी मागितली होती, हे वाढीच्या जाहिरातीत सांगितलं गेलं नाही. पुरुषांना २०२२ मध्ये ४४ कोटी होते. प्रत्येक खेळाडूला निदान तीस हजार डॉलर मिळतील असं फिफाने जाहीर केलं, आणि मग स्पर्धा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी अध्यक्ष इन्फान्तिनो यांनी सांगितलं की पैसे देशांच्या फेडरेशनकडे जातील, पुढचं त्यांनी बघावं. म्हणजे पुन्हा घरच्या कर्त्याच्या हातात. त्याच काळात त्यांनी बायकांना सल्ला दिला की योग्य लढाया निवडा आणि आम्हा पुरुषांना पटवून द्या, दारं उघडीच आहेत. पटवून देणं हेही आपलंच काम!

आणि पैसा कुणाचा, हाही प्रश्न आहेच. २०२४ मध्ये फिफाने सौदी सरकारच्या अरामको या तेल कंपनीशी प्रायोजकत्वाचा करार केला. त्यात महिला विश्वचषकही आहे. त्या ऑक्टोबरमध्ये शंभरहून जास्त खेळाडूंनी उघड पत्र लिहिलं, की जिथे हक्क मागणाऱ्या बायकांना तुरुंगात टाकतात त्यांचा पैसा आमच्या छातीवर नको. ज्यांना पैशाची इतकी गरज आहे त्यांनीच हे लिहिलं, म्हणून मला त्याचं मोल जास्त वाटतं.

आता आपल्या घरात येऊ. भारतात पुरुषांची आयएसएल २०१४ मध्ये फ्रँचायझी, सिनेनट आणि उद्योगपती घेऊन थाटात सुरू झाली. बायकांची राष्ट्रीय लीग २०१७ मध्ये सहा संघ घेऊन सुरू झाली. केरळ ब्लास्टर्स या आयएसएलमधल्या क्लबाने २०२२ मध्ये महिला संघ काढला. ३ मार्च २०२३ रोजी या क्लबाचा पुरुष संघ बेंगळुरूविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात पंचांच्या निर्णयावर चिडून मैदान सोडून गेला. फेडरेशनने क्लबाला चार कोटी रुपये दंड केला. जूनमध्ये क्लबाने जाहीर केलं की या दंडामुळे आर्थिक ओढाताण आहे, म्हणून महिला संघ तात्पुरता थांबवत आहोत. संघ सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. मैदान पुरुषांनी सोडलं, दंड बायकांकडून वसूल झाला. नवऱ्याने दारूच्या गुत्त्यावर मारामारी केली, जामिनासाठी बायकोचं मंगळसूत्र गहाण पडलं, ही गोष्ट ज्यांनी आपल्या समुपदेशन केंद्रात ऐकली आहे त्यांना या क्लबाचं पत्रक समजायला वेळ लागणार नाही.

दोन वर्षांनी, ५ जुलै २०२५ रोजी भारताच्या मुलींनी थायलंडमध्ये थायलंडला २–१ ने हरवलं. संगीता बासफोरने दोन्ही गोल केले. पात्रता फेरी खेळून आशियाई चषकाला पोचण्याची ही आपल्या महिला संघाची पहिली वेळ. २०२२ मध्ये हाच चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला होता, आणि कोरोनाने अर्धा संघ आजारी पडल्यामुळे यजमान असूनही आपल्या मुलींना स्पर्धेबाहेर पडावं लागलं होतं. त्याच २०२५ च्या जुलैमध्ये, आठवडाभरातच, पुरुषांची आयएसएल करारांच्या वादात लांबणीवर पडली. पुढे ऑक्टोबरमध्ये पुरुषांचा संघ आशियाई चषकाच्या पात्रतेतून बाहेर गेला. पैसा जिथे ओतला तिथे पीक आलं नाही, आणि कोरडवाहू तुकड्यात आलं. यावरून ‘बघा, मुली पैशावाचूनही करतात’ असं म्हणणारे निघतील. त्यांना तिथेच अडवायला हवं. पैशावाचून केलं, हे कौतुक पुढच्या वर्षीही पैसे न देण्याचं कारण होऊन बसतं.

आपल्यापैकी काही संस्था वस्त्यांमध्ये मुलींचे फुटबॉल संघ चालवतात. गेल्या सात-आठ वर्षांत मीही दोन वस्त्यांत हे काम जवळून बघितलं आहे. स्पर्धा पुरुषांची असते तेव्हा पोस्टरवर रोख बक्षिसाचा आकडा मोठ्या अक्षरात असतो. मुलींचा ‘प्रदर्शनीय’ सामना मधल्या दिवशी, दुपारच्या उन्हात, आणि शेवटी ट्रॅकसूट आणि पुष्पगुच्छ. अलीकडे मुलींनाही रोख रक्कम मिळू लागली आहे, स्थानिक उद्योजक पुढे येताहेत, चांगल्या मुलींना बाहेरगावचे क्लब बोलावताहेत. हे व्हायलाच हवं. पण एका मुलीने मला आपला करार दाखवला तो इंग्रजीत होता. तिला तो वाचता येत नव्हता, वडिलांना येत नव्हता, आणि सही वडिलांची घेतली होती, मुलगी एकोणीस वर्षांची असून. दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. गरोदरपणाचा तर प्रश्नच नाही.

म्हणून ज्या गटांकडे मुलींचे संघ आहेत त्यांना माझी विनंती आहे की या तिमाहीत एवढं तपासा. बक्षिसाचा चेक कुणाच्या नावाने निघतो, मुलींच्या, प्रशिक्षकाच्या की संस्थेच्या? अठरा वर्षांवरच्या मुलीचं स्वतःचं बँक खातं आहे का, आणि एटीएम कार्ड कुणाच्या खिशात असतं? प्रायोजकाशी झालेला करार मराठीत कुणी वाचून दाखवला का? दुखापतीचा विमा आहे का? मुलीचं लग्न ठरलं किंवा दिवस गेले तर तिची जागा राहते की जाते, हे कुठे लिहिलेलं आहे का? आणि संघातल्या मुलींची मिळून बैठक होते का, जिथे प्रशिक्षक नसतो? उत्तरं आली तशी पाठवा, पोस्टकार्डाएवढी असली तरी चालतील. वकील मैत्रिणींच्या मदतीने करारांचा एक साधा मराठी नमुना तयार करायचं आम्ही काही जणींनी ठरवलं आहे. तो पुढच्या अंकापर्यंत हातात यायचा असेल तर मुलींनी आजवर कशावर सह्या केल्या आहेत ते आधी कळायला हवं.